विल्माबाईंचा सांभाळ

मी चिडकी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकताना तुम्हाला वाटायचं की ही बाई घाबरून काहीतरी बरळते आहे. मी घाबरणाऱ्यातली नाही, चिडणाऱ्यातली आहे. बहिऱ्या माणसांना कानाची यंत्रं बसवून देणं हे माझं काम. दिवसभर दवाखान्यात मोठ्यानं बोलायचं आणि संध्याकाळी घरी येऊन वडिलांशी त्याहून मोठ्यानं बोलायचं. वडिलांच्या दोन्ही कानांची यंत्रं मीच बसवून दिली आहेत. ती ते घालत नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या वरच्या मजल्यावर पाण्याचा पाइप फुटला आणि आमचं अर्धं छत वडिलांच्या पलंगावर येऊन पडलं. वडील तेव्हा संडासात होते, म्हणून वाचले. भिंती वाळेपर्यंत तीन आठवडे राहायची सोय विमा कंपनीनं करून दिली. आठव्या विभागातली एक जुनी इमारत, तिसऱ्या मजल्यावरचं सर्व्हिस अपार्टमेंट. आमच्या घरापासून ट्रामनं सहा थांबे. चोपन्न वर्षं बुडापेस्टमध्ये काढल्यावर मी माझ्याच गावात पाहुणी झाले.

मंगळवारी दुपारी आम्ही निघालो. दोन बॅगा, वडिलांची पिसांची रजई, आणि आंबवलेल्या काकड्यांची बरणी, जी घेतल्याशिवाय ते कुठंही जात नाहीत. मोबाइलवर अपार्टमेंटची व्यवस्था बघणाऱ्या नोएमी नावाच्या कुणा मुलीचा निरोप आला होता. ‘प्रिय इबोया, आमच्या सुंदर शहरात तुमचं मनापासून स्वागत! दाराला किल्ली नाही, आकडे दाबायचे.’ आणि शेवटी लाल बदाम.

आत चौक, आणि चौकाभोवती प्रत्येक मजल्यावर लोखंडी कठड्याचा सज्जा. सगळ्यांची दारं आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या त्या सज्ज्यावरच. कोण आलं, कोण गेलं, कुणाकडे काय शिजतंय, काही लपत नाही. मी बॅगा ओढत तिसऱ्या मजल्यावर पोचले तोच पलीकडच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली आणि मोडक्या इंग्रजीत ओरडायला लागली. चाकं, चाकं, असं काहीतरी.

“मावशी, ओरडू नका. मी इथलीच आहे,” मी म्हटलं.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “इथली आहेस तर हॉटेलात कशाला राहतेस? आणि चाकं उचल. दिवसाला चाळीस बॅगा जातात माझ्या डोक्याशेजारून.”

ही सालोकी मावशी. वय नव्वद. या इमारतीतच जन्मली, हे तिनं मला पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं, आणि इथून हलणार नाही, हे तिसऱ्या मिनिटाला.

अपार्टमेंट आतून पांढरंफेक होतं. पांढरा सोफा, पांढरं टेबल, पांढऱ्या चार खुर्च्या. सोफ्याच्या वर साखळी-पुलाचं मोठं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत गावाचं नाव. वडील त्याच्यासमोर उभे राहिले.

“आपण कुठं आलोय, इबी?”

“बुडापेस्टला, बाबा.”

“ते दिसतंय. लिहिलंय की.”

मला हसू आलं नाही. आता सांगताना येतं.

लांबलचक बोळ, त्याच्या टोकाला स्वयंपाकघर, शेजारी न्हाणीघर. पुढं तीन मोठ्या खोल्या, आणि स्वयंपाकघराला लागून एक अरुंद खोली, जिच्यात एक पलंग आणि एक खुंटी. मी वडिलांना पुढची मोठी खोली दिली होती. त्यांनी रजई उचलली आणि सरळ त्या अरुंद खोलीत नेऊन टाकली. म्हणाले, ही उबदार आहे. मी वाद घातला नाही. तीन जिने चढून माझ्यात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं.

पहिली चिडचिड बुधवारी सकाळी. मला साडेसातला निघायचं असतं. पावणेसातला न्हाणीघराशी गेले तर दार आतून लावलेलं. आत पाणी वाहत होतं. मी थांबले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. वीस मिनिटांनी दार ठोकलं. “बाबा! मला कामावर जायचंय! आंघोळ करताय की पोहताय?”

पाणी थांबलं. मी पुन्हा ठोकलं, आणि पाठीमागून आवाज आला, “काय आदळआपट चाललीये सकाळी सकाळी?” वडील पायजम्यात, डोळे चोळत, बोळात उभे होते.

तेवढ्यात कडी सरकली. साधा, नेहमीचा, कडी सरकल्याचा आवाज. दार ढकललं तर आत कुणी नव्हतं. आरसा वाफेनं भरलेला, आणि कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाचा वास, जो माझ्या लहानपणीच बाजारातून गेला.

मला काय वाटलं विचाराल तर, उशीर झाला असं वाटलं. मी ट्राममधून नोएमीला लिहिलं की न्हाणीघराची कडी बिघडली आहे आणि गरम पाणी आपोआप सुरू होतं. उत्तर लगेच आलं. ‘प्रिय इबोया, जुन्या घरांचा स्वभाव असतो! दार स्वतःकडे ओढून मग मूठ फिरवा.’ बदाम.

गुरुवारी फ्रिज. वरच्या कप्प्यात मी ठेवलेलं लोणी, सॉसेज आणि दही सगळं खालच्या कप्प्यात नेऊन कोंबलेलं, आणि वरचा कप्पा रिकामा, पुसलेला. मी वडिलांना झापलं. ते म्हणाले, मी फ्रिजला हात लावला नाही. मी सगळं पुन्हा वर ठेवलं. संध्याकाळी ते पुन्हा खाली. शुक्रवारी मी घेवड्याचं सूप शेगडीवर ठेवून पाच मिनिटं फोनवर बोलायला गेले, तर पातेलं उचलून सज्ज्याच्या खिडकीत ठेवलेलं आणि शेगडी बंद. जणू कुणालातरी शेगडी हवी होती आणि माझी अडचण होत होती.

“बाबा, हे काय आहे?”

“काय?”

“पातेलं!”

“हं, पातेलं,” ते म्हणाले. यंत्रं कानात नव्हती. बशीत पडली होती.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच काय ते कळायला हवं होतं. पण घरात ऐंशी ओलांडलेला बाप असला की सगळ्या गोष्टींचं कारण हाताशीच असतं. किल्ल्या हरवल्या, बाबा. दिवा चालू राहिला, बाबा. पातेलं खिडकीत गेलं, बाबा. मी कुणा तिसऱ्याचा विचार करावा तरी कशाला?

मग तो रविवार आला. सकाळी मी केस धुवून बाहेर येते तर वडील घरात नाहीत. यंत्रं बशीत, बूट जागेवर. सपाता घालून गेले होते. दोन तास मी त्या विभागातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या, बेकऱ्या, दारूची दुकानं, चर्च. शेवटी ते ट्रामच्या थांब्यावर सापडले, हातात पावाची पिशवी, ओल्या सपाता, शेजारच्या बाईला स्वतःच्या जुन्या नोकरीतल्या, वॅगनच्या कारखान्यातल्या जोडकामाच्या गोष्टी सांगत. मला बघून म्हणाले, “अगं, कुठं होतीस इतका वेळ?”

मी त्यांना घरी आणलं. स्वयंपाकघरात त्यांना खुर्चीवर बसवलं, ओल्या सपाता काढल्या, आणि मग माझा बांध फुटला. आई गेल्यापासूनची अकरा वर्षं बाहेर पडली. यंत्रं, गोळ्या, जळलेली भांडी, रद्द केलेल्या सुट्ट्या, मोडलेलं माझं लग्न, तेसुद्धा. ते माझ्याकडे प्रेमानं बघत होते.

“काय म्हणालीस?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि भिंतीला म्हटलं, “मला नाही झेपत आता. घ्या हो कुणीतरी यांना. कुणीही घ्या, सांभाळा.”

टेबलापलीकडची एक खुर्ची मागं सरकली. फार नाही, वीतभर. कुणी जेवण आटोपून कामाला उठावं, तशी.

जुन्या घराची जमीन उतरती असते, असं मी मनाशी म्हटलं आणि रडायला माझ्या खोलीत गेले.

सोमवारपासून सगळं सुरळीत झालं. सकाळी न्हाणीघर मोकळं. फ्रिजचा वरचा कप्पा आमचा. संध्याकाळी परत आले तर वडील दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. अपार्टमेंटात इस्त्री होती की नाही, हेही मी पाहिलं नाही. मी जेवायला वाढलं तर म्हणाले, जेवलो.

“काय जेवलात?”

“शहाजिऱ्याचं सूप.”

आमच्याकडे आजारी माणसाला, नाहीतर महिनाअखेरीला, पीठ परतून त्यात शहाजिरं घालून पाणी ओततात, ते सूप. घरात वास होताच. मला वाटलं सालोकी मावशी. वरून फणस आणि आतून गरे, असली माणसं असतात की. मंगळवारीही सूप, बुधवारीही. सिंकमध्ये भांडं नाही, ताटली नाही. मी कशाला शोधू? खरं सांगते, त्या तीन दिवसांत मला इतकं हलकं वाटलं की मी एका संध्याकाळी परस्पर सिनेमाला जाऊन आले. त्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

गुरुवारी दवाखान्यातला शेवटचा रुग्ण आला नाही म्हणून मी लवकर सुटले. चार वाजले होते, आणि नोव्हेंबरात चारला चौकात काळोख उतरतोच. सज्ज्यावरून येताना आमच्या स्वयंपाकघराची खिडकी लागली. आत दिवा लावलेला. वडील टेबलाशी बसले होते, गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला, समोर ताटली. ते बोलत होते.

मी आकडे दाबून हळूच आत शिरले. बोळात उभी राहिले. शहाजिऱ्याचा वास इतका दाट होता की घशात बसला. आणि मग माझ्या लक्षात आलं की वडील हळू बोलतायत. बहिरा माणूस हळू बोलत नाही. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, तो ओरडतो. माझे वडील गेली बारा वर्षं ओरडतायत. आणि आता ते शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलावं तसे, हलक्या आवाजात…

“नाही हो… मुलगी चांगली आहे. तापट आहे जरा… हो… हो, तेही खरं.” मग ते गप्प झाले. ऐकत होते. मान डोलावली. नेमकं कुणीतरी विनोद करावा आणि आपण अर्धा क्षण उशिरा हसावं, तसे हसले.

यंत्रं बशीत होती. दोन्ही.

मी त्यांच्या पाठीमागं तीन हातांवर होते. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, “बाबा.”

काही नाही. मानसुद्धा हलली नाही. हलणारच नव्हती. यंत्रांशिवाय त्यांना माझा नेहमीचा आवाज ऐकू येत नाही. मी स्वतः मोजलेलं आहे, कागदावर लिहिलेलं आहे.

त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बघून भुवया उंचावल्या. “आली? कधी?… तुम्ही म्हणता म्हणजे आलीच असेल.” आणि मग ते वळले आणि माझ्याकडे बघून हसले.

मी यंत्रं उचलली आणि त्यांच्या कानांत घातली.

“कोणाशी बोलत होतात?”

“विल्माबाईंशी.”

“कोण विल्माबाई?”

“विल्माबाई,” ते जरा त्रासून म्हणाले. “सूप देतात त्या. तूच सांगितलंस ना त्यांना?”

ताटली कोरडी होती. मी बोट फिरवून पाहिलं. कोरडी आणि थंड, कपाटातून आत्ताच काढल्यासारखी. वडील उठले तेव्हा त्यांची विजार घसरली आणि त्यांनी ती एका हातानं सहज धरली, काही दिवसांची सवय असावी तशी. मी पट्टा पाहिला. शेवटचं भोकसुद्धा सैल झालं होतं. तीन रात्री मी या माणसाला, तो जेवलो म्हणाला म्हणून, उपाशी झोपवत होते.

मी सज्जा ओलांडून सालोकी मावशीचं दार वाजवलं.

“मावशी, तुम्ही बाबांना सूप देता का?”

“मी? मी माझ्या पोटच्या मुलाला सूप देत नाही. ऐतखाऊ आहे तो.” मग तिनं माझा चेहरा पाहिला. “कसलं सूप?”

मी सांगितलं. ती दारातून बाजूला झाली आणि मला आत घेतलं.

“विल्मा पासष्ट किलोची पिशवी एका हातात उचलायची,” ती म्हणाली. “त्रेपन्न साली आली. एक सुटकेस घेऊन. तेव्हा एकेका घरात तीन-चार बिऱ्हाडं कोंबलेली असायची, एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर, सकाळी रांगा, शेगडीवरून मारामाऱ्या. तिला ती अरुंद खोली मिळाली, स्वयंपाकघराशेजारची. बाकीच्या तीन खोल्यांत म्हातारी माणसं. एक मास्तर, एक नवरा-बायको, एक चष्मेवाल्याची विधवा. मग तिनं करार केले.”

“कसले करार?”

“सांभाळाचे. म्हाताऱ्याला मरेपर्यंत सांभाळायचं, आणि तो गेला की खोली सांभाळणाऱ्याची. कायदेशीर होतं सगळं. तीन खोल्या, तीन करार. तिन्हींवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.” मावशीनं टेबलावरचा नसलेला कचरा हातानं गोळा केला. “आधी मास्तर गेला. मग ती दोघं, एकाच हिवाळ्यात. मग विधवा.”

“छळायची का त्यांना?”

“तेच तर गं. नाही. इस्त्रीचे कपडे, वेळेवर सूप, गळ्याला रुमाल. कुणी बोट दाखवावं असं काही नाही. नुसते बारीक होत जायचे. आणि शेवटी शेवटी तिच्याशिवाय कुणाला ओळखायचे नाहीत. मास्तराची मुलगी सेगेदहून भेटायला आली तर त्यानं तिला विचारलं, आपण कोण? ती याच सज्ज्यावर बसून रडली.”

“मग पोलिसांना का नाही सांगितलं?”

“काय सांगू? सूप देते म्हणून?” मावशी खेकसली. मग आवाज खाली आणला. “आणि एक ध्यानात घे. ती कुणाच्या दारी मागायला गेली नाही कधी. घरच्यांनी स्वतः तोंडानं म्हणावं लागायचं, आम्हाला झेपत नाही, तुम्ही घ्या. ती थांबायची. तिला थांबणं फार छान जमायचं.” मावशी माझ्याकडे रोखून बघत होती. “तू काही बोलली नाहीस ना गं?”

मी उठून सरळ दाराकडे गेले.

सज्ज्यावरूनच मी नोएमीला लिहिलं की आम्हाला आत्ताच्या आत्ता दुसरी जागा द्या. ‘प्रिय इबोया, तुम्हाला आमचं अपार्टमेंट आवडलं याचा आनंद आहे!’ बदाम. मी फोन खिशात टाकला. नाहीतर चौकात फेकला असता.

वडील त्यांच्या अरुंद खोलीत पलंगाच्या कडेला बसले होते, हात मांडीवर, शहाण्या मुलासारखे. यंत्रं कानात होती. हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे चालू होती. मी खाली वाकून बॅग ओढली.

“चला बाबा. घरी जाऊ या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अतिशय सभ्यपणे.

“आपण कोण?”

“मी इबी, बाबा.”

“असं का,” ते म्हणाले. “विल्माबाई स्वयंपाकघरात आहेत. त्यांना विचारून घ्या.”

मी स्वयंपाकघरात गेले. दिवा चालूच होता. पांढरं टेबल, पांढऱ्या चार खुर्च्या, एक मागं सरकलेली. शेगडी गार होती, आणि तरी पीठ परतल्याचा, शहाजिऱ्याचा वास येत होता, आणि त्याखाली तो पिवळा साबण.

“हे बघा विल्माबाई,” मी म्हटलं. स्वतःचाच आवाज मला वेड्या बाईसारखा वाटला. “मी रागात बोलले. माणूस बोलतो रागात. त्याचा असा अर्थ घ्यायचा नसतो. ते माझे वडील आहेत.”

काहीच झालं नाही. पण मला कळत होतं की माझं कुणीतरी ऐकून घेतंय. दवाखान्यात मी घेते ना, तक्रार करणाऱ्याचं शांतपणे ऐकून… आणि निर्णय आधीच झालेला असतो.

बोळात कडी सरकली. साधा, नेहमीचा आवाज.

मी धावत गेले. वडिलांच्या खोलीचं दार आतून लागलं होतं. त्या दाराला कडी नव्हती. मी नऊ दिवस ते दार रोज पाहत होते, आतूनही आणि बाहेरूनही, त्याला कडी नव्हती. मी ओढलं, ढकललं, स्वतःकडे ओढून मूठ फिरवली. आतून वडिलांचा आवाज येत होता, हळू, समाधानी… “हो… बरं… झोपतो आता.”

मग मी जे केलं ते मला आजवर मी केलेल्या सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. मी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली आणि चौकात तोंड काढून, बहिऱ्यांसाठी कमावलेल्या माझ्या त्या आवाजात ओरडले.

“सालोकी मावशी! बाहेर या! ऐका! मी इबोया केरेकेश! माझ्या बापाला मी सांभाळणार! मरेपर्यंत! मीच! दुसरं कुणी नाही!”

दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावरून दोन परदेशी पोरी वर बघायला लागल्या. कुणीतरी हसलं. आणि पलीकडून, कठड्याला धरून, ती नव्वद वर्षांची म्हातारी तिच्या चिरक्या आवाजात ओरडली, “ऐकलं! मी ऐकलं! मी साक्षीदार आहे! विल्मा, ऐकलंस का गं? यावर माझी सही आहे असं समज!”

माझ्या मागं बोळात दार करकरत उघडलं.

वडील पलंगावर आडवे झाले होते, रजई हनुवटीपर्यंत ओढलेली, कडा नीट गादीखाली दाबलेल्या. मी ती फाडल्यासारखी काढली. बूट चढवले, हाताला धरलं, आणि बॅगा तिथंच टाकून निघाले. ते विरोध करत नव्हते. चालतही नव्हते. जिन्यावरून मी त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं, आणि त्यांचं वजन मला जाणवलं नाही.

ट्राममध्ये ते खिडकीतून बाहेर बघत बसले. एक थांबा गेला, दोन गेले. मी त्यांचा हात सोडला नव्हता. चौथ्या थांब्याशी ते वळले आणि गाडीभर ऐकू जाईल असे ओरडले, “इबी! माझी टोपी कुठंय?”

ट्राममधली सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. मला आयुष्यात कुणाचं ओरडणं इतकं गोड लागलेलं नाही.

आमच्या घराच्या भिंती ओल्याच होत्या. छताला प्लास्टिक ताणलेलं. आम्ही दोन आठवडे स्वयंपाकघरात दोन गाद्या टाकून झोपलो, मोठ्या पंख्यांच्या घरघरीत. विमा कंपनीनं आमच्या बॅगा पाठवून दिल्या. वडील दोन-दोन वाडगे घेवड्याचं सूप प्यायले, पाव मागून घेतला, माझ्या हाताला मीठ नाही म्हणाले. नाताळापर्यंत पट्टा पुन्हा आपल्या भोकावर आला. विल्माबाईंचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

मी सालोकी मावशीकडे एकदा जाऊन आले, पोगाचाचा, म्हणजे आमच्याकडच्या खाऱ्या छोट्या पावांचा, डबा घेऊन. तिनं डबा घेतला आणि म्हणाली, “सत्त्याऐंशी साली गेली ती. चारही खोल्यांची मालकीण. एकटी. नऊ दिवस कुणाला कळलं नाही.” मग दार लावता लावता म्हणाली, “शब्द दिलायस. जपून राहा.”

मी जपून राहते. चिडते, चिडायचं थोडंच थांबणार? पण चिडताना शब्द निवडते. यंत्रांवरून ओरडते, भांड्यांवरून ओरडते. ते एक वाक्य मात्र पुन्हा माझ्या तोंडून निघालेलं नाही. शपथेवर सांगते.

गेल्या गुरुवारी सकाळी मी कामाला निघायच्या घाईत होते. वडिलांनी आठवडाभराच्या गोळ्यांचा डबा उघडा धरला आणि सगळ्या गोळ्या फ्रिजखाली सांडल्या. पांढऱ्या, गुलाबी, अर्ध्या केलेल्या. मी गुडघ्यांवर बसून झाडूच्या दांड्यानं एकेक बाहेर काढत होते. पाठीत कळ आली होती, ट्राम चुकली होती. आणि मी बोलले नाही. ओठसुद्धा हलवले नाहीत. नुसतं आलं मनात, एवढंसं, आणि मी लगेच ते परतवलं.

उठून पाहते तर वडील खुर्चीत नव्हते.

ते बाहेरच्या दारापाशी, बूट घालायच्या बाकड्यावर बसले होते. अंगात हिवाळ्याचा जाड कोट, पाय जुळवलेले, हात मांडीवर.

“कुठं निघालात, बाबा?”

“तूच म्हणालीस ना आत्ता,” ते म्हणाले. हळू आवाजात.

“मी काही बोलले नाही.”

ते सभ्यपणे हसले.

मी त्यांचा कोट काढायला वाकले आणि तशीच थांबले. वडिलांच्या बोटांना संधिवात आहे. दोन वर्षं झाली, त्यांना बटण लावता येत नाही. शर्टाचं नाही, कोटाचं नाही. रोज मीच लावते. घरात आम्ही दोघंच होतो, आणि मी पंधरा मिनिटं फ्रिजपाशी गुडघ्यांवर होते.

कोटाला सहा बटणं आहेत. सहाही लावलेली होती, गळ्यापर्यंत.